स्टेरिंग जड झालं? पंप बदलण्याआधी या चुका टाळा

"भाऊ, स्टेरिंग लय जड होऊन रायलं. पंपच बदलून टाका." नागपूर-तुळजापूर हायवेला लागून माझं गॅरेज आहे, आणि खेड्यावरून आलेला गाडीवाला उतरल्या उतरल्या हेच सांगतो. पंप म्हणजे तेलाच्या दाबानं स्टेरिंग हलकं करणारा भाग. मी त्याला हात लावत नाही. आधी विचारतो: जड कधी होतं? गाडी उभी असताना, की चालतानाही? दोन्ही बाजूंना, की एकाच? पाण्यापावसातून आल्यावर सुरू झालं का? उत्तरं नीट मिळाली तर निम्मा दोष तिथंच सापडतो.

सगळ्यात पहिली चूक म्हणजे टायरला लाथ मारून हवा ठरवणं. पुढच्या दोन्ही टायरची हवा उतरली की उभ्या गाडीत स्टेरिंग फिरवताना दंड भरून येतात. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं, छोट्या गाड्यांना साधारण 30 ते 33 पीएसआय. टायर थंड असताना मीटर लावा. शोभेसाठी रुंद टायर बसवले असतील तर तोही जडपणा त्यांचाच.

मग बॉनेट उघडा आणि आपली गाडी कोणत्या जातीची ते बघा. तवेरा, सुमो, जुनी बोलेरो यांच्यात तेलाची डबी असते, टोपणावर स्टेरिंगचं चित्र असतं आणि पंप इंजिनच्या बेल्टवर फिरतो. वॅगनआर, स्विफ्टमध्ये पंपाऐवजी विजेची मोटर असते. तिथं तेलाची डबी शोधूच नका.

आता ज्या चुकीनं माझा जीव सर्वांत जास्त तुटतो ती. गेल्या पावसाळ्यात एका शेतकऱ्यानं डबीत तेल कमी दिसलं म्हणून घरात उरलेलं ब्रेक ऑइल ओतलं. काही दिवस गाडी चालली. मग आतली रबरी सीलं फुगून मऊ झाली, पंप गळू लागला, पाठोपाठ रॅकही (स्टेरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणारी दातेरी दांडी). पावर स्टेरिंगची सीलं खनिज तेलासाठी बनलेली असतात, आणि ब्रेक ऑइल वेगळ्याच रसायनाचं असतं. बऱ्याच गाड्यांना लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं, काहींना दुसरं. टोपणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असेल तेच घाला. चुकून ओतलंच असेल तर इंजिन सुरू करू नका. गाडी ओढून आणा, सगळं तेल काढून आतून धुवावं लागतं.

आणि तेल कमी झालंच कसं, हे न विचारता वरून भरत राहणं ही त्याचीच बहीण. हे तेल जळत नाही, कुठंतरी गळतं. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका, सकाळी डाग बघा. रॅकच्या टोकांना रबरी भाते असतात. दाबून बघा, आत तेल लागलं तर रॅकचं सील गेलं. डबीत फेस दिसला तर हवा शिरली आहे. पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टेरिंग हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, तेल भरत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत.

वळवताना किंचाळल्यासारखा आवाज येतो का? तो बहुधा बेल्ट. इंजिन बंद करून मधोमध अंगठ्यानं दाबा. साधारण सेंटीमीटरभर दबला तर ठीक, जास्त ढिला, चकचकीत किंवा भेगाळलेला असेल तर बदला.

आपल्या भागातला खरा शत्रू मात्र काळी माती. पांदण रस्त्यानं वावरात गाडी नेली की फाटक्या भात्यातून चिखल रॅकमध्ये शिरतो, आणि उन्हात वाळला की दगड होतो. स्टेरिंगच्या दांड्याचा सांधा आणि बॉलजॉइंटही (चाकाजवळचे गोळीचे सांधे) गंजतात. याची खूण अशी: वळल्यावर स्टेरिंग आपोआप सरळ येत नाही. खात्री करायची तर कडक जमिनीवर मागच्या चाकांना दगड लावा, पुढची चाकं जॅकवर उचला, इंजिन बंद ठेवून फिरवा. मध्येच अडकलं तर दोष लोखंडात आहे, तेलात नाही. गाडीखाली मात्र शिरू नका.

मोटरवाल्या गाडीत बॅटरीचे टर्मिनल आधी बघा, पांढरी-हिरवी बुरशी चढली की मोटरला पुरेसा करंट मिळत नाही. गाडी कापसाच्या गंजीशेजारी उभी असेल तर उंदरांनी वायरी कुरतडल्या का तेही बघा. डॅशबोर्डवर स्टेरिंगचा दिवा पेटला असेल तर दोषाचा कोड वाचणारं मशीन असलेल्या गॅरेजलाच जा. अरुंद जागी पाच-दहा मिनिटं मागेपुढे केल्यावर मोटर तापून मदत कमी करते. थोडं थांबलं की पूर्ववत होतं, तो दोष नाही.

शेवटी, चिखलदऱ्यासारख्या घाटात डिझेल-पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारे. इंजिन थांबलं की स्टेरिंगची मदत संपते, आणि एक-दोनदा ब्रेक दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो. किल्ली बाहेर निघाली तर स्टेरिंग कुलूपबंदच. चालत्या गाडीत स्टेरिंग अचानक जड झालं तर दोन्ही हातांनी घट्ट धरा, वेग कमी करा, बाजूला घ्या, आणि गाडी थांबेपर्यंत किल्लीला हात लावू नका.