सेफ्टी पिनांची मोटर फिरत नसेल तर मॅग्नेट बदलू नका, तार बघा

विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री बिल्डिंगमधलं एखादं पोरगं रडवेलं होऊन दारात येतंच, "काका, फिरतच नाहीये". सोबत व्हिडिओतला सल्लाही असतो, अजून स्ट्राँग मॅग्नेट आणा नाहीतर नऊ व्होल्टची बॅटरी लावा. अरे काही आणू नका, घोळ बहुतेक वेळा तार खरवडण्यात असतो.

सामान नेहमीचंच: टॉर्चचा मोठा दीड व्होल्टचा सेल, दोन मोठ्या सेफ्टी पिना, रबरबँड, गोल काळा मॅग्नेट आणि पाऊण मीटर २६ गेजची वाइंडिंग वायर (मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मागा, उरलेले तुकडे बऱ्याचदा फुकट मिळतात).

जाड मार्करवर दहा वेढे घ्या, हीच आपली कॉइल, तिची दोन टोकं समोरासमोर, एका रेषेत बाहेर काढा. पिना सेलच्या + आणि − टोकांना रबरबँडने घट्ट बसवा, भोकं वर. मॅग्नेट सेलवर ठेवा, तो आपसूक चिकटतो.

आता खरी गंमत. या तारेवर इनॅमलचा, म्हणजे करंट अडवणारा थर असतो, तांब्यासारखाच दिसतो म्हणून पोरं फसतात. एक टोक चारी बाजूंनी खरवडा, आत लखलखीत गुलाबीसर तांबं दिसेपर्यंत. दुसरं टोक मात्र फक्त अर्धंच, म्हणजे गोल तारेची एकच बाजू, आणि ते करताना कॉइल उभी धरायची, नाणं कडेवर उभं करतो तशी. टोक टेबलाच्या कडेला टेकवा, कॉइल बाहेर लटकू दे, आणि ब्लेडने टोकाची फक्त वरची बाजू खरवडा.

मी शाळेत असताना कॉइल टेबलावर आडवी ठेवून खरवडली होती, हाताला तेच सोपं पडतं ना. मग अख्खी संध्याकाळ ती थरथरत होती, झोके घेत होती पण फिरेना, आणि मी तीन मॅग्नेट बदलले. का ते कळायला बरेच दिवस लागले. करंट गेला की कॉइल स्वतःच मॅग्नेट होते, १८२० मध्ये ओर्स्टेडला तारेजवळ होकायंत्राची सुई हललेली दिसली ती यामुळेच. खालचा मॅग्नेट कॉइलला आपल्याकडे वळवतो, पण ती आडवी झाली की दोघांचे ध्रुव जुळतात, जोर संपतो, आणि करंट चालूच राहिला तर पुढे गेलेली कॉइल परत मागे ओढली जाते. म्हणून आडवी होताच करंट तुटायला हवा, उरलेला अर्धा फेरा ती आपल्या वेगावर काढते. मोठ्या डीसी मोटरमध्ये कम्युटेटर (कॉइलबरोबर फिरत जोडणी बदलणारा भाग) करंट उलटवतो, आपण नुसता तोडतोय. कॉइल उभी धरून खरवडलं तर तो बरोब्बर आडव्या स्थितीत तुटतो, आडवी ठेवून खरवडलं तर नेमका तिथेच चालू राहतो, मग फिरणार कशी?

लायटरने इनॅमल जाळायचा सल्ला तर अजिबात ऐकू नका, ते सगळीकडून जळतं आणि वर काजळी धरते. चुकून जास्त खरवडलंच तर आईचं नेलपॉलिश अर्ध्या बाजूला लावा, पूर्ण सुकू द्या. मी हे कितीदा केलंय!

टोकं पिनांच्या भोकात अडकवा, बोटाने हलकी टिचकी मारा. नाही फिरली तर उलट्या बाजूने मारा, तिला एकच दिशा आवडते. कॉइल थांबलेली असताना तशीच जोडून ठेवू नका, एवढ्याशा तारेचा रेझिस्टन्स ०.१ ओहमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ शॉर्टच, सेल आणि कॉइल चटका बसेल इतके तापतात. आणि घरातल्या प्लगला जोडायचा विचारसुद्धा करायचा नाही.

फिरायला लागली की मॅग्नेट पालथा करा आणि परत टिचकी मारा, आता ती उलटी फिरेल. करंट आणि मॅग्नेटवरून जोराची दिशा सांगणाऱ्या फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमाची बोटं तेव्हा तिच्यासमोर धरून बघा.