नव्या सहकाऱ्याला हाताशी धरायचं तर

दर एक-दोन वर्षांनी कुणीतरी नवीन रुजू होतं आणि प्रिन्सिपल मला बोलावून सांगतात, ‘मॅडम, ह्यांना जरा बघा.’ जरा बघायचं म्हणजे नेमकं काय, हे कुणी सांगत नाही. बेळगावात सव्वीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, तेवढ्यात हे ‘बघणं’ बरेचदा चुकवलंही. तुमच्या गळ्यात अशी जबाबदारी पडली असेल तर माझ्या चुका तरी उपयोगी पडतील.

पहिला आठवडा शिकवण्याविषयी चकार शब्द काढू नका. हजेरी कुठे ठेवायची, कुठल्या वर्गातला पंखा बोलणाऱ्याचा आवाज खातो, ऑफिसात कुठल्या कामाला कुणाकडे जायचं, एवढंच सांगा. आणि पहिल्या तासाची गोष्ट सांगा. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीसारख्या घाटाकडच्या गावांतली पोरं पंधरा मिनिटं उशिराच येतात. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला, त्यामुळे खानापूरकडच्या कितीतरी मुली कॉलेजात टिकल्या, पण सकाळच्या गाड्या खच्चून भरतात. नव्या माणसाला हे माहीत नसतं. तो दार लावून घेतो आणि वर्षभराचं वैर ओढवून घेतो.

दुसऱ्या आठवड्यात विचारून, आदल्या दिवशी सांगून, त्यांच्या तासाला शेवटच्या बाकावर बसा. न सांगता कधीही जाऊ नका. मी नवी असताना एक ज्येष्ठ सर असेच आत आले, मला मध्येच थांबवलं आणि खडू घेऊन आकृती स्वतः काढली. आकृती बरोबरच होती. पुढे दोन महिने पोरं माझ्याकडे बघून हसत होती, ते वेगळं.

बाकावर बसलात की शिकवणाऱ्याकडे बघू नका, शेजारच्या वह्यांकडे बघा. चिक्कोडीकडचे एक सर आमच्याकडे आले तेव्हा मी हे शिकले. घरी कन्नड, शिकवणं इंग्रजीत, फळ्यावर अक्षर मोत्यासारखं. इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते, ते चालू होतं. माझ्या शेजारच्या नंदगडच्या मुलीने ‘इलॅस्टिसिटी’ देवनागरीत तीनदा लिहून तीनदा खोडलं आणि पेन खाली ठेवलं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यापुढे एकदम इंग्रजी. सर मात्र समोरच्या दोन बाकांवरचे ‘यस सर’ ऐकून पुढे गेले.

तास संपल्यावर मी एवढंच विचारलं, ‘ह्याला कन्नडमध्ये काय म्हणता हो?’ ते म्हणाले, ‘स्थितिस्थापकत्व.’ आता गंमत बघा. मराठी अर्थशास्त्रात आपण लवचिकता म्हणतो, पण स्थितिस्थापकता हा शब्द आमच्या पोरांनी शाळेत विज्ञानात ऐकलेला असतो, स्प्रिंग ताणण्याच्या धड्यात. म्हणजे सरांच्या तोंडचा कन्नड शब्द त्या मुलीच्या ओळखीचाच निघाला! दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर तिन्ही शब्द लिहिले आणि उदाहरण दिलं: मीठ दुप्पट महागलं तरी कुणी आमटी अळणी करत नाही, कुंद्यासारखी मिठाई महागली तर अर्ध्या किलोचा पाव किलो होतो. ते उदाहरण त्यांचं, माझं नव्हे.

सांगायचं ते त्याच दिवशी, एकट्यात आणि एकच. पाच गोष्टी सुचल्या तर चार गिळा. मी एकदा स्टाफरूममध्ये, चहा पिता पिता, चारचौघांत एकाची आकडेमोडीची चूक दाखवली. हसत हसतच दाखवली. त्यानंतर त्यांनी मला कधी काही विचारलं नाही, नोकरी सोडून जाईपर्यंत.

आणि नव्या सहकाऱ्यालाही आपल्या तासाला बसवा. ठेवणीतल्या तासाला नको, नेहमीच्या कंटाळवाण्या तासाला. चिक्कोडीच्या सरांनी मला सांगितलं की मी डावीकडच्या रांगेला सतत पाठ करून उभी राहते. इतक्या वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

आता कागद. इथे भिडस्तपणा नको, पहिल्याच महिन्यात एक जाड फाईल घ्यायला लावा. २०१८ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांप्रमाणे कायम असिस्टंट प्रोफेसरला पगाराच्या लेव्हल १० वरून ११ वर जायला पीएचडी असेल तर चार वर्षं लागतात, एमफिल असेल तर पाच, दोन्ही नसेल तर सहा. त्यात शिकवण्याच्या पद्धतींवरचा २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स हवा. शिवाय किमान आठवडाभराचा रिफ्रेशर (उजळणी) कोर्स किंवा एफडीपी, म्हणजे शिक्षकांसाठीचा प्रशिक्षण कार्यक्रम, नाहीतर प्रमाणपत्रासह एखादा ‘मूक’ (MOOC), म्हणजे सगळ्यांना खुला असलेला ऑनलाईन कोर्स. लोक चौथ्या वर्षी जागे होतात आणि मग पुढच्या बॅचची वाट बघत बसतात. २०२३ पासून शिक्षक-प्रशिक्षणाच्या मालवीय मिशनखाली बरेच कोर्स ऑनलाईन होतात, पण पावसात घरचं नेट गेलं तर हजेरी बुडते, म्हणून कॉलेजच्या लॅबमध्ये बसायची सोय आधीच करून द्या. प्रमाणपत्र आलं की त्याच दिवशी फाईलीत. आठवड्याला १६ तास शिकवणं असतं, ‘नंतर लावू’ म्हटलेला कागद सापडत नाही.

‘तीन दिवसांत पेपर छापू, एवढे रुपये भरा’ असा मेल प्रत्येक नव्या माणसाला येतो. तो आधी तुम्हाला दाखवायला सांगा. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिक पारखायचं काम आता आपल्यावरच आहे. मागचे दोन-तीन अंक उघडून वाचायचे. अर्थशास्त्राशेजारी पशुवैद्यक आणि योगासनं दिसली की मेल पुसून टाकायचा.

गेस्ट लेक्चरर, म्हणजे कायम नसलेले, असतील तर ह्यातलं प्रमोशन त्यांच्या वाट्याला नाही, शिकवणं मात्र तेवढंच. म्हणून त्यांचीही फाईल करा. वर्ष संपायच्या आत, सुट्टी लागण्याआधी, तारखा आणि तास लिहिलेलं अनुभवाचं पत्र सही-शिक्क्यासह त्यांच्या हातात पडेल असं बघा. अर्ज त्यांनी लिहावा, ऑफिसात पाठपुरावा तुम्ही करा. तिथे तुमच्या पांढऱ्या केसांचा उपयोग होतो.