‘न्यूयॉर्क, न्यूयॉर्क’ पुन्हा पाहताना

मार्टिन स्कॉर्सेसी यांचा ‘न्यूयॉर्क, न्यूयॉर्क’ हा संगीतमय चित्रपट १९७७ साली प्रदर्शित झाला, तेव्हा तो फारसा चालला नाही. तो पुन्हा पाहायचा असेल, तर आधी आपल्याकडची प्रत तपासावी. ‘हॅपी एन्डिंग्ज’ हा दीर्घ गीतप्रसंग पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी कापला गेला आणि १९८१च्या पुनर्प्रदर्शनात परत जोडला गेला, म्हणून तो असलेलीच प्रत निवडावी.

नेपथ्य खोटे वाटले तरी बिचकू नये. जुन्या हॉलिवूड संगीतपटांची आठवण यावी म्हणून ते जाणूनबुजून तसे ठेवले आहे. त्या चकचकीत चौकटीत पात्रे मात्र उत्स्फूर्तपणे, अडखळत आणि एकमेकांचे बोलणे तोडत भांडतात, आणि माझ्या मते चित्रपटाचा जीव याच विसंगतीत आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीच्या जल्लोषातला सुरुवातीचा प्रसंग दोनदा पाहावा. पहिल्यांदा भडक शर्ट घालून गायिका फ्रान्सिनच्या मागे लागणाऱ्या सॅक्सोफोनवादक जिमीकडे, म्हणजे रॉबर्ट डी निरो यांच्याकडे लक्ष द्यावे. दुसऱ्यांदा केवळ फ्रान्सिन साकारणाऱ्या लायझा मिनेली यांचा चेहरा पाहावा, कारण पुनःपुन्हा नकार देताना त्या प्रत्येक ‘नाही’ला निराळी छटा देतात.

डी निरो यांची सॅक्सोफोनवरची बोटेही निरखावीत. प्रत्यक्ष वादन जॉर्जी ऑल्ड यांचे आहे, तरीही डी निरो त्यांच्याकडून बोटांच्या हालचाली कसून शिकले होते. जिमीच्या चालीला फ्रान्सिन शब्द देते, हे ध्यानात ठेवून शेवटचे शीर्षकगीत सलग, मध्ये न थांबता ऐकावे.