म्युझिक सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं, आणि स्वतःचा तानपुरा कसा बनवायचा

इलेक्ट्रॉनिक म्युझिक सुरू करायचंय म्हटलं की लोक आधी 'बेस्ट सॉफ्टवेअर कुठलं' विचारतात, पण आधी हे ठरवा की तुम्ही नक्की काय करणार आहात. बीट्स बनवणार, गाणं रेकॉर्ड करणार, की स्वतःचा आवाज घडवणार? तिन्ही कामं वेगळी आहेत.

बीट्ससाठी एफएल स्टुडिओ सोपा पडतो, एकदा विकत घेतला की पुढचे अपडेट कायम फुकट. फक्त ट्रायलमध्ये सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेतल्याशिवाय परत उघडत नाही, हे माहीत असू द्या म्हणजे केलेलं काम अडकून पडणार नाही. लाइव्ह परफॉर्म करायचं असेल तर एबलटन. रेकॉर्डिंग करायचंय आणि लॅपटॉप जुना आहे तर माझं मत सरळ रीपरला, 60 दिवस पूर्ण चालतं, नंतर घरगुती वापराचं लायसन्स 60 डॉलरला, आणि जुन्या मशीनवर पण अडखळत नाही. मॅक असेल तर गॅरेजबँड आहेच, आणि पैसे अजिबात घालायचे नसतील तर एलएमएमएस.

कुठलंही घ्या, इन्स्टॉल झाल्यावर पहिल्यांदा ऑडिओ सेटिंग उघडा. विंडोजवर ऑडिओ इंटरफेसचा (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्याचा) स्वतःचा ड्रायव्हर नसेल तर एएसआयओ फोर ऑल (ASIO4ALL) हा ड्रायव्हर टाका, सॅम्पल रेट 44100 आणि बफर 256 ठेवा, म्हणजे साधारण 6 मिलिसेकंदाचा बफर होतो आणि की दाबल्यावर आवाज मागे पडल्यासारखा वाटत नाही. कडकड यायला लागली तर 512 करा.

आता खरा मुद्दा. ही सगळी सॉफ्टवेअर मुळात पाश्चात्त्य समान स्वरांतरांवर सेट असतात. आपला शुद्ध गंधार षड्जाच्या पाच चतुर्थांश, आणि कीबोर्डवरचा गंधार त्याहून सुमारे 14 सेंट चढा, म्हणजे अर्ध्या स्वराचा सातवा भाग. ऐकायला किरकोळ वाटतं पण यमन गाताना सोबत असा गंधार वाजत राहिला तर कान बेचैन होतो. म्हणून म्हणतो की एक तरी वाद्य स्वतः बनवा, आणि सुरुवात तानपुऱ्यापासून करा.

त्यासाठी प्युअर डेटा (Pure Data) घ्या. मिलर पकेट यांनी 1996 मध्ये ते आणलं, पूर्ण फुकट आहे, आणि कोड लिहावा लागत नाही, चौकोन वायरने जोडायचे. नवीन फाइल उघडा, कंट्रोल आणि 1 दाबलं की रिकामा चौकोन येतो, त्यात नाव टाइप करा. आवाजाच्या चौकोनांच्या नावाशेवटी टिल्डची नागमोडी खूण लागते, ती विसरली तर वायर जोडूनही आवाज येणार नाही.

एका तारेचा रस्ता असा, कंसात टाइप करायचं नाव: फेझर टिल्ड (phasor~), त्याखाली लॉप टिल्ड 1500 (lop~ 1500), मग हिप टिल्ड 5 (hip~ 5), मग गुणाकाराचा टिल्ड (*~), मग अजून एक गुणाकार 0.1 चा (*~ 0.1), आणि शेवटी डॅक टिल्डचे (dac~) दोन्ही इनपुट. तो 0.1 अजिबात काढू नका, आवाज एकदम मोठा होईल, हेडफोन कानात असताना तर नाहीच. पहिल्या गुणाकाराच्या उजव्या इनपुटला व्हीलाइन टिल्ड (vline~) जोडा आणि त्याच्या वर एक मेसेज चौकोन ठेवा, कंट्रोल आणि 2, त्यात '1 10, 0 3000 10' लिहा. म्हणजे तार 10 मिलिसेकंदात छेडली जाते आणि पुढचे 3 सेकंद विरत जाते.

हाच रस्ता कॉपी करून एकूण चार तारा करा: पंचम, जोडाच्या म्हणजे षड्जाच्या दोन, आणि खर्ज म्हणजे खालचा षड्ज. काळी एकचा षड्ज 138.59 हर्ट्झ, तो आकडा एका वेगळ्या मेसेजमध्ये लिहा आणि तिथूनच चारही तारांच्या फेझरला वाटा. पंचमाच्या तारेला मध्ये 0.75 चा गुणाकार, जोडाच्या पहिल्या तारेला जसाच्या तसा, दुसरीला अधिक 0.2, खर्जाला 0.5 चा गुणाकार. ते 0.2 मुद्दाम आहे, त्यामुळे जोडाच्या दोन तारा 5 सेकंदांत एकदा एकमेकींवर हेलकावतात आणि वरचे स्वर त्याहून भरभर, त्याशिवाय आवाज मेलेला वाटतो.

छेडण्यासाठी टॉगल (चालू-बंदचं बटण), त्याखाली मेट्रो 3600 (metro 3600), तो दर 3600 मिलिसेकंदाला इशारा देतो. मेट्रोतून पंचमाच्या '1 10' वाल्या मेसेजला थेट, बाकी तिघांच्या मेसेजला क्रमाने डिले (delay) 900, 1800 आणि 2700 मधून. डीएसपी, म्हणजे प्युअर डेटाचा आवाज, चालू करा, षड्जाच्या मेसेजवर क्लिक करा, टॉगल दाबा.

आता नीट ऐका, खर्जाच्या तारेत 346.5 हर्ट्झच्या आसपास एक बारीक स्वर सापडेल. हा स्वयंभू गंधार, आपण कुठेही टाकलेला नाही, तो खर्जाचा पाचवा हार्मोनिक, म्हणजे त्याच्या पाचपट कंपनांचा स्वर आहे. आता कीबोर्डवरचा गंधार, 349.23, सोबत वाजवून बघा, सेकंदाला जवळपास तीन ठोके पडतात. मला तर हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ट्यूनिंगवरची सगळी वाचलेली पानं एकदम कळली.

जव्हारी मात्र यात येत नाही, ब्रिजवर तार घासण्याचा तो आवाज बनवणं वेगळं आणि बरंच अवघड काम आहे. लॉपचा 1500 खालीवर करून थोडं जवळ जाता येतं.

काळी चारला गाणाऱ्यांनी फक्त षड्जाचा मेसेज 207.65 करायचा, बाकी तारा आपोआप जुळतात. आणि हा पॅच, म्हणजे ही जोडलेल्या चौकोनांची फाइल, रीपरमध्ये हवा असेल तर प्लगडेटा हा फुकट प्लगइन टाका, तो प्युअर डेटाचे पॅच ट्रॅकवरच उघडतो. हार्मोनियमसारखे कीबोर्डवर वाजवायचे स्वर सुद्धा शुद्ध हवे असतील तर सर्ज एक्सटी हा सिंथेसायझर घ्या, त्यात स्काला फाइल (स्वरांतरांची यादी) लोड करून स्वरांतरं हवी तशी बसवता येतात.