कूलंट कुठे गळतंय, हे घाटाआधी शोधा

मे महिन्यात इंदूरहून धुळे-नाशिककडे जाताना मानपूरपासून धामनोदपर्यंत उतार असतो, इंजिनावर ताण येत नाही. परीक्षा परतताना होते: भरलेली गाडी, चालू एसी आणि निमाडच्या उन्हात मानपूरपर्यंत विंध्याचा चढ. कूलंटच्या बाटलीतली पातळी वारंवार ‘मिन’खाली जात असेल, तर निघण्याआधी गळती शोधा. नुसतं पाणी ओतत राहिलं की कूलंट पातळ होतं, आणि बोअरिंगच्या जड पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार बसतात.

इंजिन पूर्ण गार हवं. गरम असताना झाकण उघडलं की दाब एकदम उतरतो आणि कूलंट उकळून अंगावर उसळतं.

रात्री इंजिनाखाली मोठा पुठ्ठा पसरा. सकाळी डाग रंगीत, चिकट आणि गोडसर वासाचा असेल तर ते कूलंट. बिनरंगी, बिनवासाचं पाणी बहुधा एसीचं; त्याची काळजी नको.

मग टॉर्च घेऊन वरून खाली पाहा. होज पाइपांची टोकं आणि क्लिपा, रेडिएटरची प्लास्टिक टाकी जाळीला जोडली जाते तो सांधा, वॉटर बॉडी (कूलंट फिरवणारा पंप). वाळलेला पांढरा किंवा हिरवट थर दिसला, तर गळती तिथेच किंवा त्याच्या जरा वर आहे. पाइप दाबून पाहा. क्लिपेजवळ फुगलेला किंवा भेगाळलेला असेल तर बदला. वॉटर बॉडीच्या खालच्या बारीक भोकातून कूलंट टपकणं म्हणजे आतलं सील गेलं. ते भोक बुजवू नका, वॉटर बॉडी बदला.

डोळ्यांना काही दिसलं नाही तर प्रेशर टेस्टर लावा. हातपंपाचा हा टेस्टर रेडिएटरच्या, काही गाड्यांत बाटलीच्या, झाकणाच्या जागी बसतो. झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्या, बऱ्याच गाड्यांत ०.९ किंवा १.१ बार. जास्त दिला तर धड असलेला सांधाही फुटेल. १५ मिनिटं थांबा. काटा उतरला तर थेंब शोधा. झाकणही ॲडॅप्टर लावून तपासा: त्याचं रबर कडक झालं की दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळतं आणि पाइप धड असूनही पातळी घटते.

काटा उतरतो पण बाहेर थेंब नाही, तेव्हा गळती आत आहे. डावीकडच्या पुढच्या सीटखालचा गालिचा चिकट आणि समोरच्या काचेवर तेलकट धुकं असेल तर हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) गळतोय. टेस्टर लावलेल्या गार इंजिनाला सुरू करताच काटा झपाट्याने चढला तर संशय हेड गॅस्केटवर (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील). लगेच इंजिन बंद करा. ऑइलच्या डिपस्टिकवर दुधाळ थर आला असेल तर गाडी सुरूच करू नका, टो करून न्या. (पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत फक्त ऑइलच्या झाकणाखाली असा थर आला, तर ती बहुधा साचलेली वाफ असते.)

गळती बुजवणारी पावडर टाळा; ती हीटर कोअरच्या अरुंद नळ्याही बुजवते.

दुरुस्तीनंतर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या प्रकारचं कूलंट भरा. तयार मिश्रण नसेल तर साधारणपणे निम्मं डिस्टिल्ड वॉटर घाला. हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा, इंजिन गार झाल्यावर पुन्हा दाब देऊन पाहा. सांडलेलं कूलंट लगेच पुसून घ्या: त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं, अंगणातली कुत्री ते चाटतात.