ऱ्होडोडेंड्रॉनची मुळं वर राहू द्या: घरच्या बागेतली लावणी आणि निगा

सिअ‍ॅटल परिसरात जुनं घर घेतलं की अंगणात बहुधा एखादं ऱ्होडोडेंड्रॉन आधीपासूनच असतं. वॉशिंग्टनचं हे राज्यफूल. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या तयारीत, १८९२ साली, इथल्या बायकांनी मतदान करून ते निवडलं. हिमालयातल्या चोपता-तुंगनाथचा ट्रेक केलेल्या मराठी माणसाला एप्रिलमधले ते गच्च गुच्छ बघितले की बुरांश आठवतो, आणि ते बरोबरच आहे, कूळ एकच. आपल्या सह्याद्रीत तो नाही, निलगिरीत मात्र आहे. त्यामुळे हे झाड कसं लावायचं याची सवय आपल्या हाताला नसते. उलट हाताला जी सवय असते, तीच त्याला मारते.

माझं पहिलं झाड तसंच गेलं. जास्वंद लावतात तसं लावलं होतं: कोपरभर खड्डा, तळाशी भरपूर खत, वर माती दाबून नीट आळं. दुसऱ्या हिवाळ्यात पानं मलूल झाली, म्हणून मी आणखी पाणी घातलं. शेवटी उपटलं तर मुळांचा गोळा अजून कुंडीच्याच आकाराचा होता. एकही मूळ बाहेर पडलेलं नव्हतं, आणि कुजका वास येत होता.

ऱ्होडोडेंड्रॉनला सोटमूळ नसतं. त्याची मुळं केसांइतकी बारीक, एकमेकांत गुंतलेली, आणि जमिनीच्या वरच्या वीतभर थरातच पसरलेली असतात. डोंगरउतारावर, पालापाचोळ्याच्या भुसभुशीत थरात वाढलेलं हे झाड. त्याच्या मुळांना ओल लागते आणि हवाही लागते. पुढची प्रत्येक पायरी यातूनच निघते.

१. जागा

खणण्याआधी निचरा तपासा. एक फूट खोल खड्डा करून पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. तीन-चार तासांनीही पाणी उभं असेल तर तिथे खड्ड्यात लावू नका. नव्या वसाहतींत हे फार आढळतं: वर चार बोटं काळी माती आणि खाली हिमनद्यांनी दाबून ठेवलेला, सिमेंटसारखा कडक थर. अशा ठिकाणी जमिनीवरच फूटभर उंच, पसरट वाफा रचा आणि झाड त्यात बसवा.

ऊन सकाळचं असावं, दुपारी सावली. पान जितकं मोठं तितकी सावली जास्त लागते, बारीक पानांच्या जाती उन्हात तग धरतात. २८ जून २०२१ ला सिअ‍ॅटलचा पारा ४२ अंशांवर गेला, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीलगतची झाडं एका दिवसात भाजली. फर किंवा पाइनखालची विरळ सावली उत्तम. मेपलखाली मात्र त्याच्या मुळांशी पाण्यासाठी झगडावं लागतं.

२. माती

आम्लयुक्त माती हवी, सामू (pH) साधारण ४.५ ते ५.५. इथल्या पावसाने माती मुळातच आम्ल असते, म्हणून चाचणी केल्याशिवाय गंधक घालत बसू नका. चुन्यापासून मात्र झाड जपा. काँक्रीटच्या पायाला चिकटून लावू नका, आणि हिरवळीवर चुना टाकताना तो झाडाच्या घेराखाली जाऊ देऊ नका. आपल्याकडे गुलाबाला घालतात ती अंड्याची टरफलं आणि राख इथे नको, दोन्हींनी आम्लता घटते. दूध-साखर धुऊन काढलेला चहाचा चोथा मूठभर चालेल, पण थर देऊ नका.

३. लावणी

नवरात्र ते दिवाळी हा इथला सर्वांत चांगला काळ. माती अजून उबदार असते, पाऊस सुरू झालेला असतो, आणि उन्हाळ्याआधी मुळांना आठ महिने मिळतात.

कुंडी पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत. झाड बाहेर काढून गोळा नीट बघा. मुळं गोल गोल फिरून घट्ट चटई झाली असेल तर हळवेपणा करू नका. धारदार सुरीने बाजूंनी तीन-चार उभे काप द्या, इंचभर आत जातील असे, आणि तळाची मुळं बोटांनी बाहेरच्या दिशेला मोकळी करा. हे केलं नाही तर मुळं कुंडीतल्यासारखीच फिरत राहतात. माझ्या झाडाचं तेच झालं होतं.

खड्डा गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद घ्या, खोली मात्र गोळ्यापेक्षा एक-दोन इंच कमीच. झाड ठेवल्यावर गोळ्याचा माथा जमिनीच्या वर दिसला पाहिजे. खड्ड्यातून निघालेल्या मातीत साल किंवा पानांचं कुजलेलं खत मिसळा आणि तीच परत भरा. चिकणमातीत फक्त खड्ड्यापुरती मऊ विकतची माती भरली तर तो पाण्याचा हौद होतो. पायाने दाबू नका, पाणी घालून बसू द्या. आळं करू नका.

वरून दोन-तीन इंच जाड आच्छादन: झाडाची साल, लाकडाचा भुगा नव्हे तर ढलप्या, किंवा पाइनच्या सुया. खोडाभोवती चार बोटं जागा उघडी ठेवा. यापुढे तिथे खुरपं चालवायचं नाही. तण हाताने उपटा.

४. पाणी

आषाढ-श्रावणात झाडांना पाणी घालायचं असतं हे आपल्या मनातच येत नाही. इथे नेमके जुलै-ऑगस्ट कोरडे ठणठणीत, आणि पुढच्या वसंतातल्या फुलांच्या कळ्या याच दिवसांत धरतात. ‘यंदा फूलच नाही आलं’ याचं कारण बऱ्याचदा गेल्या श्रावणातल्या तहानेत असतं. आठवड्यातून एकदा, इंचभर पावसाइतकं, सावकाश द्या. पहिली दोन वर्षं आठवड्यातून दोनदा. आच्छादन बाजूला करून बोट माती­त घाला, दोन इंचांवर ओल लागली तर थांबा.

सप्टेंबरात शेंडे बघा: टपोरी कळी फुलाची, बारीक टोकदार कळी पानाची.

५. वाळलेले गुच्छ आणि छाटणी

फुलं सुकली की गुच्छाचा देठ अंगठा आणि तर्जनीत धरून बाजूला वाकवा, कट्ट करून सुटतो. बोटं चिकट होतात. त्याच्या अगदी बुडाशी, पानांच्या बेचक्यात, तांदळाच्या दाण्याएवढे हिरवे कोंब दिसतील. तीच पुढची फांदी, ती मोडू देऊ नका. लहान झाडांना या खुडण्याचा फायदा होतो, पुरुषभर उंचीच्या जुन्या झाडांना नाही केलं तरी चालतं. छाटणीही याच वेळी. हिवाळ्यात कात्री लावली तर फुलंच कापली जातात.

६. खत

कमी. आच्छादन कुजून बरंचसं भागतं. वाढ खुंटलीच तर आम्लप्रिय झाडांचं खत, फुलं संपताना, पाकिटावर लिहिलंय त्याच्या निम्म्याने.

७. पानं काय सांगतात

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा: झाडाला लोह मिळत नाहीये. पण लोह विकत आणण्याआधी झाड खोल गेलंय का, पाणी साचतंय का, चुना पोचलाय का ते बघा.

ओल्या मातीतही पानं मलूल: मूळकूज. इथे आणखी पाणी म्हणजे मरण.

पानांच्या कडा कुरतडलेल्या: हे मूळ-भुंगे. ते रात्री येतात, टॉर्च घेऊन गेलात तर सापडतील. पानांचं नुकसान दिसण्यापुरतं असतं, मातीतल्या अळ्या मात्र लहान झाडाची मुळं खातात. सप्टेंबरात ओल्या मातीत या अळ्या मारणारे उपयुक्त सूत्रकृमी (बारीक जंत) सोडता येतात.

वरून पांढुरके ठिपके आणि खालून काळे चकचकीत डाग: लेस बग नावाची कीड. मेपासून दर आठवड्याला पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारा. उन्हात तहानलेल्या झाडांवर ही कीड जास्त पडते.

दोन गोष्टींनी घाबरू नका. काही जातींच्या पानांखाली तपकिरी मखमल असते. ती बुरशी नाही, पुसून काढू नका. आणि कडाक्याच्या थंडीत पानं खाली झुकून सुरळीच्या वडीसारखी गुंडाळली जातात, ऊब आली की उलगडतात.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. याची पानं, फुलं, मध सगळं विषारी आहे, कुत्र्या-मांजरांनाही. हिमालयात बुरांशच्या पाकळ्यांचं सरबत करतात म्हणून बागेतल्या संकरित जातींचं करायला जाऊ नका. फुलं देवाला वाहा, पण तीर्थात-प्रसादात पडू देऊ नका.

आणि चुकीच्या जागी लावलेलं झाड असेल तर त्याची आशा सोडू नका. मुळं उथळ असल्यामुळे वीस वर्षांचं झाडही हलवता येतं. शरदात, पावसाने माती ओली झाल्यावर, फांद्यांच्या घेराजवळून फावडं घाला, खालून चपटा गोळा सोडवा, ताडपत्रीवर ओढून घ्या आणि नव्या जागी पूर्वीपेक्षा इंचभर उंच बसवा. दोन माणसं लागतील.