५५ हजारांत गेमिंग पीसी: यादी खालून वर वाचा

दहावीचा निकाल लागल्यावर भाच्याने एकच गोष्ट मागितली, "आत्या, मला पीसी जुळवून दे." दादाने मिरजेहून ५५ हजार पाठवले, मॉनिटर आणि कीबोर्डचे वेगळे. २०२४ च्या दिवाळीआधीची ही गोष्ट. भाच्याची यादी तयारच होती: आठ कोअरचा प्रोसेसर, काचेचं कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे सहा पंखे आणि अगदी तळाशी, "एसएमपीएस, कुठलाही". एसएमपीएस म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. ती यादी मी खालून वर वाचली. तुम्हीही तशीच वाचा.

२०१६ साली मी माझा पहिला पीसी जुळवला, तेव्हा कॅबिनेटबरोबर आलेलाच एसएमपीएस ठेवला होता. एका संध्याकाळी लाइट गेली, आली, परत गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा फट् असा आवाज झाला आणि जळका वास सुटला. सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी, म्हणजे मदरबोर्ड, गेला, हार्ड डिस्कही गेली. त्या डिस्कमध्ये आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. तोवर आजी राहिली नव्हती.

म्हणून दुकानात एसएमपीएस हातात घ्या आणि त्याच्या अंगावरचा तक्ता वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघून त्याला १२ ने गुणा. प्रोसेसर आणि खेळाचं चित्र तयार करणारं ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज इथूनच ओढतात. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ५४० वॉट. मला '४५० वॉट' छापलेल्या एका स्वस्त डब्यावर १६ अँपिअर दिसले, म्हणजे जेमतेम १९२ वॉट. '८० प्लस ब्रॉन्झ' हा शिक्का वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो, आतलं संरक्षण कसं आहे ते सांगत नाही. त्यामुळे मी शिक्क्याबरोबर वॉरंटीही बघते. पाच वर्षांची वॉरंटी असलेला ५५० वॉटचा एसएमपीएस तेव्हा चार हजारांना पडला.

आमच्या पीसीला खरं तर एवढी वीज लागत नाही. आम्ही घेतलेल्या आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्डाला १३२ वॉट, रायझन ५ ५६०० प्रोसेसरला पूर्ण ताणात ७६, बाकी सगळ्याला मिळून ५० धरा. २६० च्या आसपास झाले. पण निम्म्या भारावर चालणारा एसएमपीएस कमी तापतो, आणि पुढे मोठं कार्ड टाकायचं झालं तर तो बदलावा लागत नाही.

मग ग्राफिक्स कार्ड. बजेटमधला सगळ्यात मोठा वाटा याचाच, आमचे साडेवीस हजार इथे गेले. भाचा व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतो, मॉनिटर १०८०पी, म्हणजे फुल एचडी. त्याला ८ जीबीचं आरएक्स ६६०० भरपूर झालं. नावावर जाऊ नका. आरटीएक्स ३०५० याच नावाने ८ जीबी आणि ६ जीबी अशी दोन कार्डं मिळतात, आणि ६ जीबीवाल्यात फक्त मेमरी कमी नाही, आतली चिपही कमी ताकदीची आहे. आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं, पण ते मदरबोर्डाशी चारच लेनने, म्हणजे डेटाच्या चारच वाटांनी, बोलतं, त्यामुळे जुन्या बोर्डावर ते आणखी मागे पडतं.

आठ कोअरचा हट्ट भाच्याने सोडला. रायझन ५ ५६०० चे सहा कोअर या कार्डाला पुरतात. त्याचे अकरा हजार, बी४५० मदरबोर्डचे साडेसात. बोर्ड घेताना खोक्यावर 'रायझन ५००० डेस्कटॉप रेडी' असा स्टिकर आहे ना, ते बघा. बायोस म्हणजे पीसी सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम; तो जुना असला तर बोर्ड हा प्रोसेसर ओळखत नाही, आणि मग अपडेटसाठी पुन्हा दुकान गाठावं लागतं.

रॅम १६ जीबीची एक पट्टी घेऊ नका, आठ-आठच्या दोन घ्या. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन्ही वाटांनी डेटा मिळतो. तेव्हा जोडी साडेतीन हजारांत आली. २०२५ संपता संपता रॅमचे भाव भडकले, तेव्हा आज यादी करताना हा आकडा नव्याने विचारा. विंडोज आणि गेम साठवायला ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (बोर्डावरच बसणारी वेगवान डिस्क) सव्वातीन हजार. कॅबिनेट पुढून जाळीचं, तीन हजार. काच दिसायला छान, पण हवा जाळीतूनच आत येते.

खरेदी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात केली. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरा, निदान तीन दुकानांत पूर्ण यादीचा भाव काढा आणि जीएसटीच्या पक्क्या बिलावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीला पुढे तोच कागद लागतो.

सगळी खोकी मी महालक्ष्मी एक्सप्रेसने मिरजेला नेली आणि जोडणी भाच्याच्या हातून करून घेतली. मॉनिटरची केबल कार्डात लावा, बोर्डाच्या मागच्या पोर्टात लावली तर या प्रोसेसरवर पडदा काळाच राहतो. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम कमी वेगानेच धावते. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचं तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सेटिंग तिथेच चालू करून ठेवा.

पण बटण दाबायच्या आधी वायरमनला बोलवा. प्लगच्या फेज आणि अर्थिंगमध्ये त्याच्या व्होल्ट मोजायच्या मीटरवर २३० च्या आसपास व्होल्ट दाखवले पाहिजेत. दादाकडे मीटर धड आकडाच दाखवेना. प्लगची पाटी उघडली तर अर्थिंगची हिरवी वायर मागे नुसतीच लोंबत होती. ती वायरमनने स्क्रूखाली घट्ट बसवली, पुन्हा मीटर लावला, २३४ आले. मग भाच्याला म्हटलं, आता दाब.